युद्धकाळ, नभोवाणी आणि घरचा श्रोता

२०२५ सालच्या मे महिन्यातील आठ तारखेची रात्र देशातील असंख्य घरांनी जागून काढली. वायव्येकडील अनेक शहरे अंधारात बुडविण्यात आली होती, आणि सीमेपासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपूरसारख्या शहरातही माणसे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर खिळून बसली होती. त्या पडद्यावर त्या एका रात्रीत काय काय घडले! कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाले, शत्रूची राजधानी हाती आली, त्याच्या लष्करात बंडाळी माजली. सकाळ झाली तेव्हा यांपैकी काहीच घडलेले नव्हते. कराचीचे बंदर जागच्या जागी होते. ज्यांनी रात्री या वार्ता छातीठोकपणे सांगितल्या, त्यांच्यापैकी फार थोड्यांना सकाळी खेद व्यक्त करावासा वाटला.

पुढे दोनच दिवसांनी, १० मे रोजी, एक सूचना प्रसृत झाली. गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील अग्निशमन, नागरी संरक्षण व गृहरक्षक दलांच्या महासंचालनालयाने सर्व वाहिन्यांना विनविले की, हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज लोकशिक्षणाखेरीज अन्य कोणत्याही कार्यक्रमात वापरू नये. कारण उघड होते. हा आवाज घराघरांतून रात्रंदिवस ऐकू येत राहिला, तर खरा भोंगा वाजेल तेव्हा कोणी उठणार नाही. लांडगा आला रे आला, या गोष्टीतील मुलाची जी गत झाली ती भोंग्याची होईल, ही ती भीती. जी खूण प्राण वाचविण्यासाठी राखून ठेवावयाची, तिचे पार्श्वसंगीत झाले होते आणि तसे करू नका हे सरकारला लेखी सांगावे लागले होते.

नागपूरकरांना भोंगा ही वस्तू नवी नाही. १८७७ साली येथे एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढील अनेक पिढ्यांचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यांवर उगवला व मावळला. भोंग्याला अर्थ होता, कारण तो ठरल्या वेळीच वाजे. अवेळी वाजला तर काहीतरी विपरीत घडले असणार, हे कळायला वेगळ्या खुलाशाची गरज लागत नसे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नेमक्या याच न्यायाने १९४० च्या जून महिन्यात देशभरातील चर्चच्या घंटा बंद केल्या. शत्रू भूमीवर उतरला तरच त्या वाजवावयाच्या होत्या. अडीच वर्षांच्या आसपास त्या मुक्या राहिल्या आणि १९४२ च्या नोव्हेंबरात अल् अलामेनच्या विजयानंतर एका रविवारी मुद्दाम वाजविण्यात आल्या, तेव्हा त्या नादाने माणसांच्या डोळ्यांत पाणी आले असल्यास नवल नाही. आवाजाची किंमत ही अशी त्याच्या संयमावर ठरत असते.

येथे प्रश्न केवळ वाहिन्यांच्या उथळपणाचा नाही. त्यावर पुरेसे लिहिले गेले आहे आणि त्याने काही बदललेले नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, युद्ध सुरू झाल्यावर जो रणांगणावर नाही, ज्याला शाळा, कचेरी, चूल आणि मुलेबाळे सांभाळावयाची आहेत, त्या घरच्या माणसाला नेमके काय ऐकावयाला हवे असते? या प्रश्नाचा विचार जगाने एकदा केलेला आहे, आणि तो नभोवाणीने केला.

१ सप्टेंबर १९३९ रोजी बीबीसीने आपली सारी अंतर्गत प्रक्षेपणे एकत्र करून ‘होम सर्व्हिस’ या नावाची एकच सेवा सुरू केली. नावातच तिचा हेतू होता. पहिले काही आठवडे मात्र फजितीचे गेले. बातम्या थोड्या, सरकारी सूचना फार आणि उरलेला वेळ ध्वनिमुद्रिका व सँडी मॅकफर्सन यांचे ऑर्गनवादन. बिचारे मॅकफर्सन दिवसभर वाजवीत राहिले आणि श्रोते कंटाळून गेले. बॉम्ब तर पडत नाहीत आणि ऑर्गन तर थांबत नाही, अशी ती अवस्था होती. संकटात माणसाला गप्प बसवून सूचना ऐकविल्या की काम भागते, हा सरकारी समज तेथेही होता. तो चुकीचा आहे हे त्यांच्या लवकर ध्यानात आले, हा त्यांचा मोठेपणा.

मग दिवसाची मांडणी झाली. १९४० च्या जूनपासून सकाळी आठच्या बातम्यांना जोडून स्वयंपाकघरासाठी ‘किचन फ्रंट’ हा काही मिनिटांचा कार्यक्रम येऊ लागला. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या तुटपुंज्या जिनसांत आज काय शिजविता येईल, हे त्यात सांगितले जाई. त्याच महिन्यात कारखान्यांतील कामगारांसाठी कामाच्या वेळातील संगीत सुरू झाले. रात्री नऊला वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाचे ठोके आणि त्यामागून बातम्या. हवामानाचा अंदाज तेवढा पूर्णपणे बंद, कारण तो शत्रूच्या वैमानिकांनाही ऐकू गेला असता. आणि एक बारीकशी, पण फार अर्थपूर्ण सुधारणा त्याच उन्हाळ्यात झाली. तोवर निनावी असलेले वृत्तनिवेदक बातम्यांच्या आरंभी आपले नाव सांगू लागले. शत्रूने एखादे केंद्र बळकावून खोट्या बातम्या दिल्या तर आवाज ओळखीचा नाही हे लोकांना कळावे, हा त्यामागील व्यवहारी हेतू. त्यातून नकळत दुसरेही साधले. बातमीला नाव असलेला धनी मिळाला. आजच्या पडद्यावर चेहरे भरपूर दिसतात, नावेही ठळक असतात. पण सांगितलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची, हे कोणालाच ठाऊक नसते.

या ‘किचन फ्रंट’ मध्ये शाकाहारी पदार्थांविषयी बोलणाऱ्यांत एक मराठी स्त्री होती, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला माहीत नाही. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे १९४० च्या सुमारास बीबीसीत दाखल झाल्या आणि पुढे तेथील पौर्वात्य विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्या सहकारी म्हणून त्यांनी काम केले. १९४२ च्या मार्चपासून बीबीसीचे मराठी प्रक्षेपण सुरू झाले. भारतीय भाषांतून वाचावयाच्या साप्ताहिक वार्तापत्रांचे मूळ इंग्रजी मसुदे ऑर्वेल लिहीत, आणि मराठी वार्तापत्राच्या वाचनात वेणू चितळे यांचा वाटा असे. म्हणजे लंडनवर बॉम्बचे सावट असताना तेथील एका खोलीतून मराठी शब्द निघत होते आणि समुद्र ओलांडून मराठी मुलखाकडे येत होते. ऐकत कोण होते, हा प्रश्न निराळा. ऑर्वेल यांनी १९४३ च्या सप्टेंबरात राजीनामा दिला तो आपला वेळ आणि जनतेचा पैसा निष्फळ कामावर खर्च होत असल्याची कबुली देऊन. त्यांच्या या कबुलीत निराशेइतकीच प्रामाणिकता होती. ज्या देशात रेडिओ हा मूठभरांच्या दिवाणखान्यातील शोभेचा पेटारा होता आणि ज्याचे पुढारी तुरुंगात होते, त्या देशाला लोकशाहीच्या रक्षणाचे पाठ परक्या सत्तेने ऐकविणे हा व्यवहार मुळातच लंगडा होता.

नागपूरचे उदाहरण घ्यावे. हे शहर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. विधिमंडळ, उच्च न्यायालय, विद्यापीठ, सारे काही येथे होते. नभोवाणी केंद्र मात्र नव्हते. ते १६ जुलै १९४८ रोजी, म्हणजे युद्ध संपून स्वातंत्र्यही मिळाल्यावर आले. फाळणीच्या वेळी साऱ्या भारताच्या वाट्याला अवघी ६ केंद्रे आणि पावणेतीन लाखांच्या आसपास परवानाधारक संच आले होते, यावरून एकंदर विस्ताराची कल्पना येईल. युद्धकाळात नागपुरात ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याने मुंबई वा दिल्ली लावावी. आणि ज्याला धाडस असेल त्याने रात्री दारे लावून काटा हळूहळू फिरवीत बर्लिन शोधावे. १९४२ च्या जानेवारीत तेथून सुभाषबाबूंची आझाद हिंद नभोवाणी सुरू झाली होती आणि तिच्या भाषांत मराठीही होती. लंडन मराठीत बोलत होते, बर्लिन मराठीत बोलत होते. आणि नागपूर हे मराठी शहर स्वतः मात्र मुके होते.

हे मुकेपण किती जीवघेणे असू शकते याचा दाखला त्याच वर्षी मिळाला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, नागपूरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील चिमूर येथे पोलिसांचा गोळीबार झाला, जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले आणि पाठोपाठ गावात आलेल्या लष्कराने स्त्रियांवर जे अत्याचार केले त्यांनी सारा प्रांत हादरला. हादरला, पण कानोकानी. सरकारी नभोवाणीला चिमूर नावाचे गाव ठाऊकच नव्हते आणि वृत्तपत्रांच्या लेखण्यांना बेड्या होत्या. सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी ६३ दिवस उपोषण केले, तर त्या उपोषणाची बातमी छापण्यासही सरकारने बंदी घातली. या बंदीच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपला अंकच काढला नाही. बातमी छापता येत नाही तर कोरेपणानेच बोलावे, असा तो निषेध होता.

आष्टी आणि चिमूर येथील अत्याचारांची हकीकत त्या काळात ध्वनिलहरींवरून सांगितली ती मुंबईच्या गुप्त काँग्रेस रेडिओने. उषा मेहता आणि त्यांचे तरुण सहकारी २७ ऑगस्ट १९४२ पासून जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवर तो चालवीत होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालून तो बंद पाडला. जेमतेम अडीच महिन्यांचे आयुष्य, दिवसाकाठी अगदी थोडा वेळ आणि यंत्रसामग्री तुटपुंजी. पण विदर्भातील एका खेड्यावर काय गुदरले हे सांगण्याचे जे कर्तव्य साम्राज्याच्या सर्व केंद्रांनी टाळले, ते या चोरट्या केंद्राने पार पाडले. घरच्या श्रोत्यासाठी नभोवाणी म्हणजे काय, याची याहून सोपी कसोटी सापडणार नाही. शंभर किलोमीटरवर काय घडले ते जी सांगत नाही, ती कितीही गोड मराठीत बोलली तरी घरची नव्हे.

स्वातंत्र्यानंतर केंद्रे वाढली. नागपूरला स्वतःचा आवाज मिळाला आणि पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवरील व्यापारी प्रसारण देशात प्रथम सुरू झाले तेव्हा मुंबई व पुण्याच्या जोडीला नागपूरचेच नाव होते. परंतु युद्धाची पहिली परीक्षा त्याआधीच आली होती आणि ती अवघड गेली होती. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनने आक्रमण केले, तेव्हा आकाशवाणीवरून मिळणारा धीर आणि प्रत्यक्ष आघाडी यांत दिवसेंदिवस अंतर पडत गेले. १९ नोव्हेंबरला पंडित नेहरू नभोवाणीवरून बोलले. बोमडिला पडल्याचे त्यांनी लपविले नाही; आसामच्या जनतेविषयी त्यांनी व्यक्त केलेली सहानुभूती मात्र आसामात निरोपासारखी ऐकली गेली आणि ती सल तेथे पुढे अनेक वर्षे राहिली. एका प्रामाणिक, दुःखी माणसाचे शब्द ते होते, यात शंका नाही. पण युद्धाच्या रात्री नभोवाणीवरून बोललेले वाक्य बोलणाऱ्याच्या मनात काय होते त्यावर जोखले जात नाही. ज्याच्या दाराशी शत्रू आहे तो ते कसे ऐकेल यावर जोखले जाते. या एका प्रसंगापासून शिकण्यासारखे पुष्कळ होते.

१९६५ साली स्वर बदलला. आकाशवाणीला विनोदाची धार सापडली. ‘रेडिओ झूठिस्तान’ या नावाने पाकिस्तानी प्रचाराची खिल्ली उडविणारा कार्यक्रम होऊ लागला आणि तो लोकांना आवडला. शत्रूच्या खोट्यावर हसावयास लावणे हे त्याला शिव्या देण्यापेक्षा केव्हाही चांगले. मात्र त्याच युद्धात लाहोर भारतीय फौजांच्या हाती पडल्याची चुकीची बातमी खुद्द बीबीसीने दिली होती, हेही विसरून चालणार नाही. युद्धात कोणाचेच तोंड शंभर टक्के शुद्ध राहत नाही. भेद असतो तो चूक झाल्यावर ती कोण मान्य करतो, एवढाच.

आणि मग १९७१. त्या डिसेंबरातील तेरा-चौदा दिवस ज्यांनी अनुभवले त्यांच्या स्मरणात ते युद्ध मुख्यतः कानांनी शिरलेले आहे. दूरचित्रवाणी तेव्हा दिल्लीपुरतीच होती. नागपुरात होता तो रेडिओ. पोस्टात वर्षाचे पैसे भरून ज्याचा परवाना दरसाल नवा करून घ्यावा लागे तो. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले. पंतप्रधान इंदिरा गांधी त्या वेळी कलकत्त्यात होत्या. त्या दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर आकाशवाणीवरून राष्ट्राशी बोलल्या. हल्ल्यापासून पंतप्रधानांच्या भाषणापर्यंत काही तास गेले, हे आजच्या घाईच्या दृष्टीने पाहिले तर अक्षम्य ठरेल. पण त्या काही तासांत कोणी कराची घेतली नाही की इस्लामाबाद जिंकले नाही. जे कळलेले नव्हते ते सांगितले गेले नाही, आणि जे सांगितले गेले ते सकाळी खोटे ठरले नाही.

त्या दिवसांतील एका दिवसाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणावे. पहाटे ती ओळखीची संकेतधून, मग वंदे मातरम् आणि भक्तिसंगीत. आठच्या सुमारास दिल्लीच्या बातम्या. त्या ऐकून मास्तर शाळेला व कारकून कचेरीला निघे. दुपारची सभा बायकांची आणि कामगारांची. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी बाजारभाव व पीकपाणी, आणि विविध भारतीवर आघाडीवरील जवानांसाठी जयमाला, जी खरे पाहता आघाडीपेक्षा घरांतूनच अधिक ऐकली गेली. कारण ज्या घरातला मुलगा सीमेवर होता त्या घराला, तोही कोठेतरी हेच गाणे ऐकत असेल, एवढा आधार पुरे होता. रात्री पावणेनऊला हिंदी व नऊला इंग्रजी बातम्या. त्यांची वेळ झाली की पानठेल्यावरची गर्दी आपोआप गप्प होई. मधल्या वेळेत लोक काय करीत? नेहमीची कामे करीत. या उत्तरातच त्या साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे. ठरावीक वेळी बातमी येणार याची खात्री असली की उरलेला वेळ माणसाचा स्वतःचा राहतो. तो मुलांचा अभ्यास घेतो, हिशेबाच्या वह्या पुऱ्या करतो, झोपतो. अखंड चालणारे वृत्त त्याला यांतले काहीच करू देत नाही आणि तरी त्याला अधिक काही सांगतही नाही.

त्याच आकाशवाणीवरून जनरल माणेकशा यांचे शरणागतीचे आवाहन पूर्वेकडील पाकिस्तानी सैनिकांना ऐकविले गेले. शत्रूच्या सैनिकाने भारतीय नभोवाणीवर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा तेव्हा धरता येत होती, ही लहान गोष्ट नव्हे. १६ डिसेंबर रोजी दुपारी ४ वाजून ३१ मिनिटांनी ढाक्यात शरणागतीच्या पत्रावर सही झाली आणि लोकसभेत घोषणा होऊन ती वार्ता आकाशवाणीवर आली तेव्हा नागपुरातील कचेऱ्या सुटण्याची वेळ होती. त्याच सुमारास रेडिओ पाकिस्तान आपल्या श्रोत्यांना सांगत होता की, दोन्ही बाजूंच्या स्थानिक सेनाधिकाऱ्यांतील व्यवस्थेनुसार पूर्व भागात लढाई थांबली असून भारतीय सैन्य ढाक्यात आले आहे. शरणागती हा शब्द त्या निवेदनात नव्हता. दोन आठवडे विजयाच्या वार्ता ऐकत आलेल्या त्या देशातील घरच्या श्रोत्याला त्या संध्याकाळी काय वाटले असेल, याचा विचार २०२५ च्या मे महिन्यात आपल्या वाहिन्यांनी करावयास हवा होता. स्वतःच्या माणसांना खोट्या विजयाची चटक लावणे हे शत्रूच्या प्रचारापेक्षा घातक असते. त्याची किंमत आपलीच माणसे मोजतात.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हे सारे जुन्या रेडिओचे गोडवे झाले. तो आक्षेप अगदीच निराधार नाही. आकाशवाणी ही सरकारची बटीक होती आणि ते १९७१ नंतर अवघ्या चार वर्षांत उघड झाले. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची वार्ता याच संकेतधुनीच्या मागून आली, आणि नंतरचे एकोणीस-वीस महिने तिच्यावर विश्वास ठेवण्याजोगे फार थोडे उरले. त्या काळात बीबीसीसाठी काटे फिरविणाऱ्या घरांतून १९४२ ची आठवण झाली नसेल तरच आश्चर्य. चंदा समितीने १९६६ सालीच आकाशवाणीला स्वायत्तता द्यावी असे सुचविले होते. ते बासनात राहिले. वर्गीज समितीने १९७८ साली पुन्हा तेच सुचविले. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अंमलात येण्यास १९९७ चा सप्टेंबर उजाडला. तोपर्यंत श्रोता दुसरीकडे गेला होता. तेव्हा मक्तेदारी परत आणावी, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु मक्तेदारी गेली म्हणून शिस्तही जावी, हा न्याय कोठला? २०२५ च्या त्याच दिवसांत परराष्ट्र सचिव आणि दोन महिला सेनाधिकारी पत्रकारांसमोर येऊन मोजक्या शब्दांत जे सांगत, त्यावर लोकांनी विश्वास ठेवला. नाव असलेला धनी, थोडे शब्द आणि पुराव्यापलीकडे न जाण्याची शिस्त! ही १९४० चीच रीत होती. ती अजूनही चालते, हे सिद्ध झाले.

मात्र ही रीत जिच्यावरून घरोघर पोचावयाची ती वाट शाबूत आहे काय? या प्रश्नापाशी नागपूरचा संबंध अधिक निकटचा होतो. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी नागपूरजवळ बुटीबोरी येथे १००० किलोवॅट शक्तीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक बसविण्यात आले. जागा विचारपूर्वक निवडली होती. दिवसा वातावरणाच्या आयनयुक्त भागातील खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर पोचतात. देशाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या एका प्रबळ प्रक्षेपकाने रात्री देशाचा फार मोठा भाग कवेत घ्यावा, ही ती कल्पना. म्हणून वाहिनीची वेळही संध्याकाळपासून पहाटेपर्यंतची. तीस वर्षांनंतर, खर्चात काटकसर म्हणून, ती २०१९ च्या जानेवारीत बंद करण्यात आली. त्याच आदेशाने पाच प्रादेशिक प्रशिक्षण संस्थांनाही कुलपे लागली. श्रोते घटले होते, हे कारण खोटे नव्हते. पण अग्निशामक बंबाचा हिशेब वर्षभरात किती आगी लागल्या यावरून कोणी मांडत नाही.

आज एफएमचा आवाज स्वच्छ येतो, परंतु त्याची धाव साधारण साठ-सत्तर किलोमीटरची आणि तीही डोंगर आडवा नसेल तर. भामरागड, सिरोंचा वा मेळघाट येथील माणसाला नागपुरातील एफएमचा उपयोग नाही. त्याच्या हातात भ्रमणध्वनी आहे हे खरे. पण भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याला वीज लागते, तारा लागतात आणि सरकारची परवानगीही लागते. युद्धात वा दंगलीत प्रथम तोडले जाते ते आंतरजाल. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनची राजधानी कीव्ह येथील प्रक्षेपण मनोऱ्यावर हल्ला झाला तेव्हा बीबीसीने त्या देशासाठी दररोज ४ तास लघु लहरींवर बातम्या देण्यास पुन्हा आरंभ केला. जी गोष्ट संग्रहालयात गेली असे सारे मानून चालले होते, ती आठवडाभरात परत काढावी लागली. त्यांच्यापाशी ती काढण्याजोगी उरली होती, हे महत्त्वाचे.

घरच्या श्रोत्यासाठी संकटकाळी काय करता येते हे दाखविण्यासाठी लंडनला वा कीव्हला जाण्याची तरी काय गरज? २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि नागपूर विभागातील हजारो मुलांच्या घरी ना संगणक ना आंतरजाल, अशी स्थिती होती. तेव्हा आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी मुले रेडिओभोवती बसत. काही गावांतून ध्वनिवर्धकावर तो ऐकविला जाई आणि शिक्षक, आया, थोरली भावंडे मिळून पुढचा अभ्यास घेत. त्यासाठी काही फार मोठा निधी लागला नव्हता. लागली ती वेळेची शिस्त आणि ओळखीचा आवाज. विदर्भातील शिक्षकांना हे नव्याने सांगावयाची गरज नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी ते स्वतः केलेले आहे.

नागपुरात आणखीही एक संस्था आहे जिची आठवण या संदर्भात व्हावयास हवी. १९५७ साली केंद्रीय आपत्ती साहाय्य प्रशिक्षण संस्था म्हणून ती सुरू झाली आणि १९६८ च्या एप्रिलपासून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय या नावाने ओळखली जाऊ लागली. काळोख कसा पाळावा, आग कशी विझवावी, जखमीला कसे उचलावे, हे देशभरातील माणसांना शिकविण्याचे काम या शहरात झाले. म्हणजे भोंग्याचा अर्थ जाणणारे आणि आवाज दूरवर पोचविणारे, दोघेही एकाच गावात होते. त्यांची गाठ कोणी घालून दिल्याचे दिसत नाही.

ती आता घातली जावी. युद्ध पुकारले गेल्यावर नव्हे; आज, शांततेत. आकाशवाणीच्या प्रत्येक प्रादेशिक केंद्राजवळ संकटाच्या पहिल्या चोवीस तासांचे लेखी वेळापत्रक तयार असावे. कोणत्या वेळी बातम्या, किती मिनिटांच्या, कोणाच्या आवाजात आणि चुकीची बातमी गेलीच तर पुढच्या बातमीपत्राच्या आरंभीच दुरुस्ती कशी द्यावयाची, हे त्यात असावे. विदर्भापुरते बोलावयाचे तर मराठी व हिंदीबरोबर गोंडी आणि कोरकूतून सूचना देणारी माणसे आताच हेरून ठेवावीत. ती आयत्या वेळी सापडत नाहीत. शाळा बंद राहिल्या तर पाठ कोणते, दवाखाने कोणते उघडे, गाड्या कोणत्या रद्द, धान्य कोठे मिळेल, हे जिल्हा प्रशासनाकडून केंद्राकडे येण्याची वाट ठरलेली असावी. मध्यम लहरींचे जे प्रक्षेपक उरले आहेत ते भंगारात काढण्यापूर्वी संरक्षण आणि आपत्ती व्यवस्थापन पाहणाऱ्या खात्यांचे मत घेणे बंधनकारक करावे. भ्रमणध्वनीत एफएम चालू ठेवावे, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये निर्मात्यांना केलीच आहे. सूचनेचा नियम होण्यास हरकत कोणाची आहे, तेही एकदा कळू द्यावे.

आणि वर्षातून एक दिवस, इतर कवायतींप्रमाणे, या वेळापत्रकाचीही तालीम व्हावी. त्या दिवशी नागपूर केंद्राने ठरल्या तासांनाच बोलावे आणि मधला वेळ सुगम संगीताला द्यावा. सिरोंच्यापासून धारणीपर्यंत शाळाशाळांतील शिक्षकांनी त्या दिवशी एक साधा रेडिओ लावून, आवाज कोठवर येतो आणि कोठे तुटतो, हे कागदावर टिपून केंद्राकडे पाठवावे. रेडिओला लागणाऱ्या दोन सेलांचा खर्च पंचायतीने उचलावा.